तेहतीस युनिटांचं वाण

इंडेक्स फंडाचे नेमके तेहतीस युनिट, कमी नाही जास्त नाही, कोणी साधा अर्ज भरून घेऊन दाखवले तर मी त्याला पदरच्या खर्चानं अनारसे खाऊ घालीन. वीस वर्षं मी हाच धंदा केला, पण मला ते एकदाही जमलं नाही. आणि ज्या बाईनं मला ते करायला लावलं, तिनं या वीस वर्षांत मी जे शिकलो त्याच्यावर शेवटी कोळशानं एक रेघ मारली. ती हकीकत सांगतो.

आदिलाबादला धान्याच्या दुकानावरच्या माळ्यावर माझी खोली होती. आधी पोस्टाच्या बचतीचा एजंट होतो, मग म्युच्युअल फंडाकडे वळलो. पाटीवर ‘सल्लागार’ लिहायची फार हौस होती, पण कायद्यानं आम्ही ‘वितरक’. म्हणजे सल्ला द्यायचा, पण दिला असं म्हणायचं नाही. माझं गिऱ्हाईक म्हणजे आपलीच मराठी माणसं. किराणावाले, कापडवाले, भीमपूरकडचे कापूस-सोयाबीनवाले. त्यातले एक कापडवाले शेटजी हप्ता तारखेनं नव्हे, तिथीनं कापा म्हणायचे. कॉम्प्युटरला तिथी कळत नाही असं मी सांगितलं, तर म्हणाले, “मग त्याच्यावर भरोसा कसा ठेवायचा?” पुढची तीन वर्षं मी पंचांग पाहून दर शुद्ध पंचमीला त्यांचा हप्ता हातानं भरत होतो.

नवीन माणूस आला की कंपनीचा एक फॉर्म भरून घ्यावा लागे. गिऱ्हाइकाची जोखीम सोसायची ताकद किती, ते त्यावरून ठरायचं. त्यात एक प्रश्न असे: बाजार एकदम कोसळला तर आपण काय कराल? सगळे छाती काढून सांगायचे, “अजून घेऊ.” उन्हाळ्यात नदीच्या पात्रात उभं राहून पुराला कोण भितो? म्हणून मी स्वतःची एक चोरटी परीक्षा काढली होती. खोलीतल्या टीव्हीवर भाव चालू ठेवायचे, आणि “एक झेरॉक्स काढून आणतो” म्हणून पंधरा मिनिटं खाली चहा प्यायचा. वर आल्यावर माणूस कुठं पाहतोय ते पाहायचं. पडद्यावर डोळे खिळलेले असले तर त्याला मुदत ठेवीचा रस्ता दाखवायचा. जो डुलक्या घेत असेल, तो माझा माणूस.

कमलबाई या परीक्षेत घोरत होत्या.

शहराला लागून मावला गाव, तिथं त्यांची एक एकर वाडी. मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी, टमाटे. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. वाडीवरच त्यांनी वैशालीला शिकवलं, लग्न करून दिलं. त्या आल्या तो धोंड्याचा महिना होता, जेठातला अधिक. लेकीच्या लग्नानंतरचा पहिला धोंडा, म्हणजे जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायला हवं. बरोबर काही चांदी-बिंदी द्यायचाही रिवाज.

“भाऊ, तुमच्या त्या इंडेक्साचे तेहतीस नग पाह्यजेत,” कमलबाई म्हणाल्या. “चांदी दिली त जवाई मोडतीन. हे मोडता येत नाही म्हनते लवकर.”

“मोडता येते, बाई. पण आधी ते काय आहे ते तर ऐका.”

मी समजावलं. देशातल्या मोठ्यात मोठ्या पन्नास कंपन्यांची एक यादी असते. फंड त्या सगळ्यांचे शेअर थोडे थोडे घेतो, जी मोठी तिचे जास्त, जी लहान तिचे कमी. कोणती चांगली, कोणती वाईट, हे डोकं कोणी लढवत नाही. यादी वाढली की आपण वाढलो, पडली की पडलो.

त्यांनी विचार केला. “आन् एखादी कंपनी सडली त? निंदण कोन करते?”

मी चकित झालो. इतक्या वर्षांत हा प्रश्न एकाही शिकलेल्या गिऱ्हाइकानं विचारला नव्हता. “यादीवाले करतात. वर्षातून दोनदा पाहतात. खुरटली ती बाहेर, जोमदार ती आत.”

“मंग ठीक हाय. निंदण होते तवर वाडी जगते.”

आता खरी पंचाईत. फंडात पैसे दिवसा भरायचे, आणि युनिटचा भाव संध्याकाळी, बाजार बंद झाल्यावर निघतो. म्हणजे किती युनिट पदरात पडले ते दुसऱ्या दिवशी कळतं.

“म्हंजे आधी पैसे द्या, आन् भाव सांजच्याले?” कमलबाई म्हणाल्या. “असं मी भाजीबाजारात केलं त लोक मले चपलेनं मारतीन.”

शिवाय सासूच्या खात्यातून जावयाच्या नावावर घेता येत नाही, तसा नियम आहे. म्हणून वाण लेकीजावयाचं, पण खातं आणि दस्तखत वैशालीचं, असं ठरलं. कमलबाईंना हे फारच आवडलं. माझा अंदाज असा, की आधीपासून त्यांच्या मनात तेच होतं. कमलबाईंनी दिलेले पैसे वैशालीनं भरले. दुसऱ्या दिवशी कागद आला: बत्तीस पॉइंट नऊ चार.

“अधुरं वाण?” कमलबाई खोलीत उभ्याच राहिल्या. “माया लेकीच्या संसाराले खोट दाखवता काय भाऊ?”

मी पुन्हा कमीत कमी जेवढे भरता येतात तेवढे भरायला लावले. आकडा अडतीसच्या जवळ गेला. वर गेलेलं चालतं, कमी चालत नाही, असं त्यांनी जाहीर केलं, आणि मला जेवायला बोलावलं.

तांब्याच्या ताम्हणात अनारसे, वर दिवा, आणि अनारशांखाली माझा कागद. जावई संजय पाटावर बसलेला. त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. पोरगा हुशार, हाताला कला, बोलायला गोड. पण फोनवरच्या कुठल्याशा ग्रुपमधून शेअरच्या टिपा घ्यायचा आणि दिवसभर त्यात बुडालेला असायचा. त्यानं अनारसे बाजूला करून कागद काढला, वाचला, आणि त्याचं तोंड मेथीचा काढा प्याल्यासारखं झालं.

“मामी, इंडेक्स? हे त म्हाताऱ्या मानसाचं काम हाय. याच्यात काय भेटते? तुमी वाडी इका. तो दलाल कवाचा मांगून राह्यला. पैसा माया हाती द्या, तीन सालात पाहा काय करतो.”

दलालाची गोष्ट खरी होती. मावल्यात प्लॉट पडत होते. शेजारच्या शेतात चुन्याच्या रेघा आणि खुंट्या आल्या होत्या. दलाल रोज वाडीच्या बांधावर उभा राहून “अम्मा, रेटु बागुंदी” म्हणायचा, म्हणजे भाव चांगला आहे. आणि वैशाली काही बोलत नव्हती. नवऱ्याच्या बाजूनं बोलावं तर आईची वाडी जाते, आईच्या बाजूनं बोलावं तर संसारात ठिणगी. कमलबाईंची खरी अडचण ती होती. नुसतं नाही म्हटलं असतं तर जावई रुसला असता, आणि रुसव्याची किंमत लेकीनं भरली असती.

त्या शांतपणे म्हणाल्या, “बरं, जवाईबापू. जेवढे मी इंडेक्सात लावले, तेवढे तुमी तुमच्या शेअरात लावा. आतापासून दुसऱ्या धोंड्यापावेतो पाहू. ज्याचं बरं ठरन, त्याचं ऐकीन. तुमचं ठरलं त वाडी इकीन. भाऊ पंच.”

मला घास लागला. संजयनं लगेच हात पुढे केला.

“हातावर नाही,” कमलबाई म्हणाल्या. “इकरारनामा करा.” त्यांचे वडील पटवाऱ्याकडे कामाला होते. कागदाशिवाय त्यांचा कशावर विश्वास नव्हता.

मग मी लिहिलं. धंद्याची सवय म्हणा किंवा अंगातली खोडी म्हणा, मी एक ओळ घातली: ‘निर्णय परतावा आणि जोखीम दोन्ही पाहून होईल. जोखीम कशी मोजायची ते वाडीची मालकीण ठरवील.’ कमलबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी तो कागद दोनदा वाचून घेतला. संजयला वाचता येत होतं, म्हणून त्यानं न वाचता सही केली. आमचा सगळा धंदा या एका स्वभावावर चालतो.

बाहेरच्या वाचकासाठी दोन शब्द. लोक परतावा विचारतात, जोखीम कोणी विचारत नाही. समजा दोन माणसं इथून निर्मलला गेली. एक बसमध्ये झोपून, दुसरा घाटातून ट्रकच्या मागच्या फळीला लटकून. दोघंही वेळेवर पोचले. परतावा सारखाच. जोखीम पाहायची तर दुसऱ्याच्या तळहाताकडे पाहावं लागतं. आमच्याकडे याचं गणित असतं. भाव सरासरीपासून किती वर उडाला, किती खाली आपटला, ते काढून त्याचा आकडा करतात. मी तो आकडा शेकडो लोकांना दाखवला. सगळे मान डोलवायचे आणि विचारायचे, “ते ठीक, पण भेटते किती?”

पहिल्या वर्षी इंडेक्स म्हशीसारखा बसून राहिला. संजयचे शेअर मात्र उड्या मारत होते. तो माझ्या खोलीवर पेढे घेऊन आला. “काका, पंचाचं तोंड गोड करा.” पेढा चांगला होता, तरी उतरला नाही. कमलबाई बाजारच्या दिवशी टोपली खाली ठेवून जिन्यातूनच विचारायच्या, “भाऊ, वाडी जाते का काय?” मी म्हणायचो, अजून वेळ आहे. मनात म्हणायचो, जाते. मजा म्हणून टाकलेली एक ओळ एवढीच त्यांच्या बाजूला होती, आणि पणाला मात्र अख्खा एकर होता. मला स्वतःचा राग यायचा.

मग रोगाचं वर्ष आलं. सगळं बंद. बाजार असा कोसळला, की माझ्या आयुष्यात मी तसा पाहिला नव्हता. फोन ठेवला की वाजायचा. वीस वर्षं मी लोकांना सांगत आलो होतो, की पडल्यावर घाबरून काढू नका, काढलं तरच तोटा पक्का होतो. त्या आठवड्यातही दिवसभर तेच सांगत होतो. आणि एका सकाळी, बायको पूजेला बसलेली असताना, मी माझे स्वतःचे इंडेक्सचे सगळे युनिट काढून टाकले. कोणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितोय, आणि लाज वाटते.

त्याच सकाळी दारात कमलबाई. भाजीवाल्यांना तेवढी फिरायची मुभा होती. तोंडाला पदर, हातगाडीवर मेथी.

“पडला म्हनते बाजार.”

“पडला, बाई. फार पडला.”

“आपलं काय करायचं?”

मी तोंड उघडलं. देवाशपथ सांगतो, ‘काढून घ्या’ हेच शब्द जिभेवर होते. पण त्यांनी मला बोलू दिलं नाही.

“म्हंजे मी आपली पुसूनच राह्यली. काढता त येत नाही म्हना. वाण हाय ते. दिलेलं वाण कोनी मांगे घेते काय? वैशालीले बी सांगतलं, हात लावू नको. घ्या, कवळी हाय मेथी.”

दोन जुड्या ठेवून त्या गेल्या. मी दाराशी उभा राहिलो. जे मी इतक्या लोकांच्या गळी उतरवू शकलो नव्हतो, जे मला स्वतःला पाळता आलं नव्हतं, ते या बाईला एका रिवाजानं फुकटात जमलं होतं. तेव्हा मला हसू आलं नाही. आता येतं.

त्याच वर्षी आश्विनात धोंडा आला. अडीच वर्षंही झाली नव्हती. रस्ते थोडे उघडले होते. मी इकरारनामा आणि दोघांचे कागद घेऊन मावल्याला गेलो. बांधाजवळ दलालाची मोटरसायकल उभी होती. तो आत येऊन बसला होता, त्याला संजयनंच बोलावलं असावं.

पंच म्हणून मला खरं सांगणं भाग होतं. इंडेक्स पडून, रडतखडत उठून, मूळ जागेच्या जरासाच वर आला होता. संजयचे आधीचे शेअर मातीत गेले होते, पण बाजार तळाला असताना त्यानं उरलेलं सगळं एका औषधाच्या कंपनीत घातलं, आणि ती उधळली होती. त्याचे पैसे दुपटीच्या घरात होते.

“परताव्यात संजयराव जिंकले,” मी म्हणालो. “बऱ्याच अंतरानं.”

कमलबाई तव्यावरून नजर न काढता म्हणाल्या, “चांगलं झालं. आता दुसरं वाचा.”

मी ती ओळ वाचली. संजयनं कागद हिसकला. “हे कवा लिवलं?”

“खाली सही कोणाची आहे?”

“म्या वाचलंच नाही, काका.”

“कोणीच वाचत नाही, बाबा.”

मी माझं गणित काढून आणलं होतं, चढउताराच्या आकड्यांसकट. कमलबाईंनी हातानंच ते बाजूला सारलं आणि कोठीचं दार ओढून घेतलं. दाराआडच्या भिंतीवर दुधाच्या रतिबाच्या मारतात तशा कोळशाच्या रेघा होत्या. एकेका जागी चार, एका जागी सहा, एका जागी नऊ.

“जवाईबापू, त्या धोंड्यापासून या धोंड्यापावेतो तुमी माया घरी एकवीस डाव जेवले. ताटावरून उठून मोबाईल पाहाले जितक्या डाव गेले, तितक्या रेघा. ह्या नऊ आखाडीच्या सनाच्या. त्या दिवशी पुरनाची पोळी तशीच राह्यली, कुत्र्याले घातली. एक बी रेघ नाही असे तीनच डाव. त्यातले दोन रविवार होते, बाजार बंद.”

“आणि तिसरा?” मला राहवलं नाही.

“त्या डावी मोबाईल विहिरीत पडला होता.”

दलाल तेलुगू माणूस, पण हसायला भाषा लागत नाही. संजय लालबुंद झाला. “मामी, हा त माया जेवनावर पहारा झाला.”

“पहारा नाही, बापू. वाढणारी मी. कोन किती जेवलं ते मले नाही कळन, त कोनाले कळन? पैसा तुमी कमावला, मी नाही कुठं म्हनते? पन वाडी इकून त्याच्या हजारपट पैसा लावसान, त किती डाव उठसान?”

तो काही म्हणणार, तेवढ्यात वैशाली बोलली. अडीच वर्षांत या विषयावर ती पहिल्यांदाच बोलली.

“आई त भिंतीवर लिवून राह्यली. आपल्या घरी मी लिवते म्हनलं असतं त भिंत पुरली नसती.”

संजयच्या खिशात मोबाईल टिंगटिंगला. त्याचा हात गेला, अर्ध्यात थांबला. मग त्यानं तो काढून पाटाशेजारी उलटा ठेवला आणि भातावर वरण घेतलं. कमलबाईंनी दलालाकडे बघून मान हलवली. तो बिचारा दोन अनारसे खाऊन गेला.

वाडी आजही आहे. आजूबाजूला घरं उठली आहेत, मधोमध मेथी. मी पोट भरून जेवलो, पंचाचा मान, आणि सुपारी फोडत होतो. मोठ्या तोऱ्यात होतो. माझ्या एका ओळीनं वाडी वाचवली, असंच मला वाटत होतं.

“भाऊ,” कमलबाई ताट उचलता उचलता म्हणाल्या, “तुमचेबी असतीनच की इंडेक्साचे. त्याईचं किती झालं?”

खोटं बोलायला फार सोपं होतं. आमच्या धंद्यात ते जिभेवर तयारच असतं. पण भिंत समोर होती.

“माझे नाहीत, बाई. बाजार पडला तेव्हा मी काढून टाकले. तुम्ही मेथी घेऊन आल्या, त्याच सकाळी.”

त्यांनी ताट खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही. पोरगं पडल्यावर आई पाहते तसं. मग चुलीजवळचा कोळसा उचलला, दार ओढलं, आणि संजयच्या रेघांच्या शेजारी, जरा अंतर सोडून, एक उभी रेघ मारली.

“म्हंजे तुमी बी उठले म्हना ताटावरून,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी माझ्या पानात अजून एक अनारसा वाढला, आणि मी मान खाली घालून तो बसल्या जागी खाल्ला.